वितळलेल्या गारांचा इतिहास

मंठा तालुक्यात, किंवा पलीकडे जिंतूर-लोणारच्या बाजूला, फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. तलाठ्याला फोन जातो, आणि पारावर कुणीतरी म्हणते, ‘पूर्वी असले काही नव्हते, हे हल्लीच सुरू झाले.’ या वाक्याला कुणी हरकत घेत नाही. 2014 च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांना गारांनी झोडपले होते. 11 फेब्रुवारी 2018 ला जालना जिल्ह्यासह मराठवाडा आणि विदर्भात हरभरा, गहू, ज्वारी आडवी झाली, द्राक्षबागा आणि मोसंबी हातची गेली. एवढे सगळे चार वर्षांत पाहिलेल्या माणसाला ‘हे नवेच आहे’ असे वाटले तर त्यात नवल नाही. तरीही ते वाक्य सिद्ध करता येत नाही, आणि जो थोडाफार पुरावा उरला आहे तो उलट बाजूने बोलतो. गारपीट जुनीच आहे. तिची नोंद ठेवायची रीत मात्र आपल्या दप्तरांत रुजली नाही, म्हणून प्रत्येक गारपीट पहिलीच वाटते.

सुरुवात पर्जन्यमापकापासून करावी लागेल, कारण हवामानाची सरकारी आठवण म्हणजे मुख्यतः पावसाची आठवण. तालुक्याच्या ठिकाणी तहसीलच्या आवारात असायचा तो सायमन्सचा पर्जन्यमापक: पाच इंच व्यासाचे तोंड, आत नरसाळे, त्याखाली बाटली, आणि काठ जमिनीपासून फूटभर वर. सकाळी साडेआठला कारकुनाने बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतायचे आणि आकडा लिहायचा. पावसासाठी हे साधन उत्तम. गारेसाठी ते जवळजवळ आंधळे. लिंबाएवढी गार नरसाळ्याच्या काठावर आपटून बाहेर उडते. जी आत राहते ती सावकाश वितळते आणि पाणी होऊनच मोजली जाते. शिवाय साडेआठचा नियम असा की काल दुपारी चारला झालेला पाऊस आजच्या तारखेखाली जातो. म्हणजे वादळ एका दिवशी, आकडा दुसऱ्या दिवशी, आणि गार कुठेच नाही. गारपिटीत पाऊस पुष्कळ पडतो असेही नसते. दहा-बारा मिलिमीटरच्या सरीबरोबर आलेल्या गारा उभे पीक संपवतात, आणि वहीत तो दिवस ‘किरकोळ पाऊस’ म्हणून राहतो. आता मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे आली आहेत, राज्यात दोन हजारांहून अधिक. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस सगळे काही त्यांत नोंदले जाते. गार नोंदली जात नाही. चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी ठरते. गारेचा असा मोजून ठरवलेला कोणताही आकडा नाही. तळणी किंवा ढोकसाळच्या शिवारात काही किलोमीटर रुंदीचा गारांचा पट्टा ओढला गेला आणि केंद्र त्या पट्ट्याबाहेर असले, तर यंत्राच्या लेखी काही घडलेलेच नसते.

त्यात मंठ्याची जागा आडवळणाची. भूगोल सरळ आहे. गोंधळ आहे तो हद्दींचा. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधी परतूरकडचा हा भाग परभणी जिल्ह्यात होता, आणि 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. उत्तरेला सुमारे चाळीस किलोमीटरवर लोणार. ते वऱ्हाडात, आणि वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यावर आलेले एकच वादळ शंभर वर्षे दोन राजवटींच्या हद्दीतून जात होते. आजही मंठा एका महसूल विभागात, लोणार दुसऱ्या विभागात, जिंतूर तिसऱ्याच जिल्ह्यात. लोणारला गारा झाल्या, त्याच ढगाने पुढे मंठ्याचा कोपरा घासला आणि जिंतूरला जाऊन दम तोडला, तर त्याचे तीन तुकडे तीन कलेक्टर कचेऱ्यांत वेगवेगळ्या गठ्ठ्यांत बांधले जातात. ते तुकडे नकाशावर पुन्हा कुणी जोडत नाही. वादळ कुठून उठले, किती वेगाने सरकले, गारा कुठे मोठ्या होत्या आणि कुठे बारीक, हे सांगणारा कागदच तयार होत नाही.

सरकारी दप्तराला दोष देऊन पंचांगाची बाजू घ्यावी, तर तिथेही हेच. मृगापासून हस्तापर्यंत प्रत्येक नक्षत्राला वाहन आहे. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे, उरलेल्या आकड्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवायचा. बेडूक, म्हैस, हत्ती आले की शेतकरी खूश. ही पद्धत पावसाचा अंदाज किती बरोबर देते हा वेगळा प्रश्न. इथे एवढेच पाहायचे की ती बोलते फक्त पावसाळ्याबद्दल. सूर्य शततारका-पूर्वाभाद्रपदेत असतो तेव्हा, म्हणजे नेमक्या गारांच्या दिवसांत, पंचांगातल्या नक्षत्राला वाहनच नसते. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणीही अक्षय्य तृतीयेला होते. तोवर रब्बीच्या गारा येऊन गेलेल्या असतात. आपल्या लोकपरंपरेची नजर पेरणीवर लागलेली आहे. काढणीवरच्या संकटाबद्दल ती गप्प आहे.

मग जुन्या काळी गारपिटीकडे कुणी पाहतच नव्हते की काय? पाहत होते. त्याला धंद्याचे नाव होते, आणि ते नाव होते गारपगारी. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर 1916 मध्ये चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत मराठी मुलखातल्या या गावसेवकाची स्वतंत्र नोंद आहे. मूळचे हे नाथपंथी जोगी. गावावर येणारी गार परतवणे हे त्यांचे काम, आणि त्याबद्दल शेतकऱ्यांनी त्यांना धान्य द्यायचे. रसेल लिहितात ते दृश्य विलक्षण आहे. रात्रीचे आभाळ धूर आणि जाळ मिसळल्यासारखे काळे-तांबडे झाले की गारपगाऱ्याला गारांची चाहूल लागे. हातात तलवार घेऊन तो मारुतीपुढे उभा राही आणि ढग पांगवण्याची विनवणी करी. विनवणीने भागले नाही की धमकी: जीव देईन. अंगावरचे कपडे फेकून देई, कधी बायकापोरांनाही देवापुढे आणून उभे करी. पूर्वी म्हणे अंगावर वार करून घेत. रसेलच्या काळापर्यंत बोटातून थोडे रक्त काढण्यावर येऊन थांबले होते. (नावातला ‘पगारी’ कानाला पगारदार वाटतो; व्युत्पत्ती काहीही असो, काम मात्र खरोखरच मोबदल्याचे होते.) आज ते काम कुणी करत नाही. जातीच्या नावात तेवढे उरले.

इथे पहिला आक्षेप येणारच: ही तर निव्वळ अंधश्रद्धा, तिला इतिहासात कशाला बसवायचे? मंत्राने आणि तलवारीने गार परतत नाही, यात वाद नाही. पण त्याच काळात शहाणा म्हणवणारा युरोप काय करत होता तेही पाहावे. 1896 मध्ये ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात आल्बर्ट श्टिगर नावाच्या नगराध्यक्षाने द्राक्षमळे वाचवायला ढगांवर तोफा डागायला सुरुवात केली. कर्ण्यासारख्या उभ्या तोफा, गोळा नाही, नुसता आवाज आणि धुराचे वलय. चार-पाच वर्षांत इटलीत अशा हजारो तोफा बसल्या. सरकारी चाचण्यांत त्यांचा काही उपयोग होत नाही असे दिसले आणि ती लाट ओसरली. तरी कल्पना मेली नाही. 2010 च्या सुमारास हिमाचलातल्या सफरचंदांच्या बागांसाठी अशीच यंत्रे आणली गेली. तेव्हा मारुतीला धमकावणाऱ्याला एकट्याला हसायचे कारण नाही. आणि इतिहासाला हवे ते त्याच्या मंत्रात नाहीच, त्याच्या नेमणुकीत आहे. गावाने एक माणूस ठेवला होता ज्याचे काम आभाळाचा रंग वाचणे हे होते, आणि वादळ आले की सगळे घरात शिरत असताना त्याने बाहेर येऊन त्याच्याकडे तोंड करून उभे राहायचे होते. रंगावरून गार ओळखणे ही निरीक्षणाची गोष्ट. उपाय खोटा होता म्हणून निरीक्षणही खोटे ठरत नाही.

या धंद्यावरून आणखी एक अनुमान निघते, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. गाव हिशेबी असते. आयुष्यात एकदा येणाऱ्या संकटासाठी गाव पिढ्यान्‌पिढ्या कुणाला धान्य देत नाही. एखाद्या जातीचा व्यवसायच गार परतवणे हा असेल, तर त्या मुलखात गारा पुरेशा वारंवार, पुरेशा जोराने पडत असल्या पाहिजेत. यावर म्हणता येईल की गाव देवऋषी आणि भगतालाही पोसत होते, म्हणून भूत असतेच असे ठरत नाही. पण भूत आले की नाही हे भगतच सांगतो. गार आली की नाही हे अख्ख्या शिवाराला दिसते. आणि दुसरीकडून पुरावा हवा असेल तर तो उत्तरेत आहे: 30 एप्रिल 1888 ला मुरादाबादला गारांनी 246 माणसे मेली. एका गारपिटीत गेलेल्या बळींचा हा जगातला उच्चांक म्हणून जागतिक हवामान संघटनेने 2017 मध्ये मान्य केला. हवामान बदलाची चर्चा सुरू होण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. वाढत्या उष्म्याने गारपिटीचे स्वरूप बदलत नाही, असे मी म्हणत नाही, बदलत असेलही. मंठ्यात ती वाढली की घटली हे ठरवायला लागणारी मागची रांगच आपल्यापाशी नाही, एवढेच म्हणणे आहे. ‘पूर्वी नव्हते’ म्हणणाऱ्याकडे पूर्वीची वही नाही.

ती वही कशी तयार होते याचे उदाहरण दूरचे आहे, पण उपयोगी आहे. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथल्या वादळ प्रयोगशाळेने आणि तिथल्या विद्यापीठाने 1972 मध्ये चक्रीवातांना रस्त्यावर गाठण्याचा प्रकल्प सुरू केला. विद्यार्थी आणि संशोधक गाड्यांतून निघत. सकाळी हवामानाचे नकाशे पाहायचे, दुपारी कुठे ढग फुटतील याचा अदमास घ्यायचा, शेकडो किलोमीटर गाडी हाणायची. मोबाइल नव्हते, रस्त्याकडेच्या सार्वजनिक फोनवरून प्रयोगशाळेला विचारायचे, रडारवर काय दिसते, आता कुठे वळू? बहुतेक दिवशी हाती काही लागत नसे, निळे आभाळ पाहून परत. 24 मे 1973 ला मात्र युनियन सिटी गावाजवळचा चक्रीवात त्यांना जन्मापासून विरेपर्यंत चित्रफितीवर टिपता आला, आणि त्याच वेळी नॉर्मनचे डॉप्लर रडार त्याच ढगाकडे पाहत होते. नंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा रडारच्या आकड्यांतली एक विशिष्ट खूण चक्रीवाताची आहे हे कळले. पुढे इशारे देण्याच्या पद्धतीला त्या खुणेचा मोठा आधार झाला. रडारला दिसत होते. दिसते ते काय आहे हे सांगायला रस्त्यावरचा माणूस लागला. ‘स्टॉर्म चेसिंग’ म्हणजे थरार, असे आपल्याकडे सिनेमा पाहून वाटते. सुरुवातीला तो थरार कमी आणि हजेरीपट जास्त होता.

दुसरा आक्षेप याच ठिकाणी घेतला जाईल: आता रडार, उपग्रह सगळे आहे, गाडीतल्या पोरांची गरज काय? तर अंतर मोजा. नागपूरचे रडार मंठ्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून लांब, मुंबईचे त्याहूनही लांब. पृथ्वी गोल असल्याने एवढ्या अंतरावर रडारची शलाका जमिनीपासून सहा किलोमीटरहून उंच गेलेली असते. ढगाचा माथा दिसेल, पोट दिसणार नाही. कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, 2015 मध्ये रडार बसवले गेले, 2019 मध्ये पुन्हा. त्याचा हेतू ढग शोधून त्यात बीज टाकणे हा होता. आणि समजा उद्या दारात रडार उभे राहिले, तरी युनियन सिटीचा धडा तसाच राहतो. ढगात गारा आहेत एवढे रडार सांगेल. जमिनीवर पोचल्या तेव्हा त्या बोराएवढ्या होत्या की आवळ्याएवढ्या, हे जमिनीवरूनच सांगावे लागते. गंमत म्हणजे या फळांच्या मापाला नाक मुरडण्याचे कारण नाही. अमेरिकेतले प्रशिक्षित निरीक्षकसुद्धा वाटाणा, अक्रोड, गोल्फचा चेंडू, बेसबॉल अशाच भाषेत कळवतात. फरक इतकाच की कोणत्या वस्तूचा व्यास किती, हे तिथे एकदा ठरवून ठेवले आहे. आपली बोर, सुपारी, आवळा, लिंबू ही पट्टी तितकीच चांगली आहे. तिच्यापुढे मिलिमीटर लिहायचे राहून गेले.

तिसरा आक्षेप महसूल खात्याकडून येईल, आणि तो सर्वांत वजनदार आहे: आपल्याकडे पंचनामा आहे की! तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक मिळून बांधावर जातात, गट नंबर लिहितात, पीक लिहितात, फोटो काढतात. एवढ्या बारकाईने शेत न्‌ शेत पाहणारी यंत्रणा क्वचितच कुठे असेल. ते खरेच आहे. पण पंचनामा विचारतो, नुकसान किती? गार किती मोठी होती, किती मिनिटे पडली, कोणत्या दिशेने आली, असे तो विचारत नाही. 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर मदत. 2015 पूर्वी ही अट 50 टक्क्यांची होती. म्हणजे त्या वर्षी ढगात काहीही न बदलता कागदावरची बाधित शेते वाढायची सोय झाली. पुढे पीक वाचते की जाते हेही गारेपेक्षा तारखेवर ठरते. हरभरा घाट्यात असताना पडलेली सुपारीएवढी गार घात करते. तीच गार हरभरा काढून, सुडी ताडपत्रीखाली झाकून झाल्यावर पडली तर पंचनाम्याला विषयच नाही. द्राक्षाच्या बागेत हाहाकार, शेजारच्या वावरात जमिनीखालच्या हळदीला काही नाही. अशा कागदांची पन्नास वर्षांची चळत लावली तरी त्यातून गारपिटीचा इतिहास निघणार नाही. पिकांचा, सरकारी निकषांचा आणि बाजारभावांचा इतिहास निघेल. पंचनाम्याला दोष द्यायचा नाही; तो मदतीसाठी आहे, आणि मदत मिळणे हे नोंदीपेक्षा मोठे काम. पण तो वादळाची पाठ पाहतो. तीन दिवसांनी बांधावर गेलेल्या माणसाला फाटलेली पाने दिसतात. ज्याने फाडली ते वितळून जमिनीत मुरलेले असते.

मग मंठ्यातल्या पोरांनी गाड्या काढून वादळामागे धावायचे का? नाही, आणि इथे मी ओक्लाहोमाची नक्कल करू नये या मताचा आहे. तिथले रस्ते पाटीवर आखल्यासारखे चौकटीत आहेत, एक वाट अडली तर दुसरी मैलावर मिळते. इथे पूर्णेच्या काठाकडे गेलेला रस्ता बऱ्याचदा गावातच संपतो. आपल्या वादळात सर्वांत धोक्याची चीज वीज, आणि गाडीबाहेर उघड्या वावरात उभा राहिलेला माणूस तिला सोपा सापडतो. तिथेही सगळे सुखरूप परतलेले नाहीत: 31 मे 2013 ला एल रिनोच्या चक्रीवाताने अनुभवी संशोधकांना गाडीसकट गिळले, आणि 2022 मध्ये ओक्लाहोमाच्या तीन विद्यार्थ्यांचा जीव परतीच्या रस्त्यावर अपघातात गेला. पाठलागाला आपल्या भाषेत एक शहाणा भाऊ आहे, मागोवा. वादळ पुढे सरकले, कडकडाट थांबला की तासाभराच्या आत त्या पट्ट्यात पोचायचे, गारा सावलीत शिल्लक असतानाच. पट्टा कुठे सुरू झाला, कुठे संपला, हे गावोगाव विचारत नकाशावर टिपायचे. त्यासाठी दुचाकी पुरते. जोडीला थर्माकोलची चौकोनी पाटी, तिच्यावर ॲल्युमिनियमची चंदेरी फॉइल गुंडाळलेली: गार पडली की फॉइलवर खड्डा उमटतो, आणि त्या खड्ड्यावरून आकार, संख्या, दिशा सगळे कळते. फ्रान्स-इटलीत अशा पाट्यांची जाळी उभारली गेली. अमेरिकेत कोलोरॅडोतून 1998 मध्ये सुरू झालेल्या स्वयंसेवकांच्या पर्जन्यनोंद चळवळीत घराघरांतल्या माणसांनी त्या अंगणात लावल्या. खर्च एका जेवणाचा.

माणसेही शोधायला लांब जावे लागत नाही. कृषी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात राहावे लागते. कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गाव त्यांना ओळखते. माती परीक्षण, बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क यांची प्रात्यक्षिके ते देतात, फोटो पेपरात येतात. हा कार्यानुभव बहुधा खरिपात असतो, गारा रब्बीत. ही अडचण खरी, पण वेळापत्रकाची आहे, विज्ञानाची नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ मंठ्यापासून दोन तासांच्या वाटेवर आहे आणि तिथून आठवड्यातून दोनदा हवामान सल्ला निघतो. सल्ला विद्यापीठाकडून गावाकडे जातो, गारेची बातमी गावाकडून विद्यापीठाकडे जाण्याची ठरलेली वाट नाही. गारपगाऱ्याच्या जागी आपण कुणालाच नेमले नाही, त्याचा हा परिणाम. तो देवाला सांगत होता. निदान कुणाला तरी सांगत होता.

तोवर, वाचणारे मंठा, परतूर, जिंतूर, लोणारच्या पट्ट्यातले असतील तर एवढे करावे. पुढच्या वेळी गारा थांबल्या आणि विजा लांब गेल्या की तलाठ्याला फोन करण्याआधी अंगणातली सर्वांत मोठी गार उचला, तिच्याशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवा आणि वरून सरळ फोटो काढा. खाली गाव, गट नंबर आणि वेळ लिहा. उरलेल्या पाच-सहा गारा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका. दहाच्या नाण्याचा व्यास बरोबर 27 मिलिमीटर असतो.